दोन नंबरच्या दांड्यावरची टोपी

सबस्टेशनच्या ऑपरेटरला सगळे मिनिटराव म्हणत. लाइट किती वाजून किती मिनिटांनी गेली, किती मिनिटांनी आली आणि कशामुळे गेली, हे ते रजिस्टरात लिहून ठेवत. कोणी "पाचेक मिनिटं गेली होती बघा" असं म्हणालं की ते "चार" अशी दुरुस्ती करत. मात्र मिनिटं सोडली तर त्यांच्या डोक्यात दुसरं काही टिकत नसे. कपाळावर चढवलेला चष्मा ते दिवसातून तीनदा शोधत, आणि चहा पिऊन कप खाली ठेवल्यावर "चहा अजून कसा आला नाही" म्हणून चौकशी करत. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांना लग्नाची तारीख विचाराल तर सांगता यायची नाही. लग्नात लाइट किती वेळ गेली होती ते विचारा." सात मिनिटं गेली होती.

त्या गावाला वीज यायची ती एका लाइनवरून. ही लाइन डोंगर ओलांडत, झाडीतून वाट काढत, दमूनभागून गावात पोचायची. वाटेत तिला वेली धरत, खारी छळत, पतंग अडवत आणि वारा आला की फांद्या थोबाडीत मारत. पूर्वी लाइट आली की पोरंटोरं आनंदाने ओरडत, इतकी ती पाहुणी होती. पण गेलं वर्षभर मिनिटराव आणि त्यांचा मेव्हणा हात धुऊन तिच्या मागे लागले होते. मेव्हणा लाइनमन होता. त्याने वेली तोडल्या, सैल तारा ओढल्या, खारी जिथे उड्या मारत तिथे रबरी टोपणं बसवली. परिणाम असा की वर्षभरात एकदाही सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लाइट गेली नव्हती. आज त्या वर्षाचा शेवटचा दिवस होता आणि जिल्ह्याचे मोठे साहेब रजिस्टर तपासायला येणार होते. रजिस्टर चोख निघालं तर गावाला पलीकडून दुसरी लाइन मंजूर होणार होती.

मिनिटरावांचं लक्ष मात्र दुसऱ्या कागदावर होतं. मुलीला सात महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती आणि आजोबांनी नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. रजेचा अर्ज केला की शाखेच्या इंजिनिअर मॅडम म्हणत, "वर्ष पूर्ण होऊ द्या, मिनिटराव. मग आठ दिवस जा. पण मध्येच सोळा मिनिटं लाइट गेली तर मोजणी पुन्हा शून्यापासून आणि तुमची रजाही." त्यामुळे नातीची भेट फोनवरच होई. मिनिटराव फोन भलताच उंच धरत असल्याने नातीला आजोबांची टोपी आणि कपाळ, एवढंच दिसे. ती त्या कपाळाकडे बघून हसायची, आणि मिनिटराव त्या दिवशी दोनदा जेवायचे, एकदा भुकेने आणि एकदा पहिलं जेवण विसरून.

आज बायको सकाळीच दोन पिशव्या आणि एक बॅग घेऊन सबस्टेशनच्या दाराशी येऊन बसली होती. बस साडेअकराची होती.

"साहेबांची सही झाली की लगेच निघायचं," ती म्हणाली. "सत्काराला थांबायचं नाही. आणि चष्मा घ्या."

"चष्मा कुठे आहे?"

"कपाळावर."

आता त्या सबस्टेशनातली एक गोष्ट सांगायला हवी. तिथे भिंतीला दोन मोठे लोखंडी दांडे होते. एक नंबरचा शेतातल्या पंपांचा आणि दोन नंबरचा गावाचा. दांडा खाली ओढला की लाइट बंद, वर सारला की चालू. खांबावर चढणाऱ्याने चढण्याआधी आपली टोपी दांड्याला टांगायची, असा तिथला कायदा होता. टोपी आहे तोवर त्या दांड्याला कोणी हात लावायचा नाही, आणि ज्याने टोपी टांगली त्यानेच ती स्वतःच्या हाताने काढायची. दांड्यांच्या वर मिनिटरावांनी लाल रंगात पाटीच लिहिली होती, "टांगणाऱ्यानेच काढावी."

टोपी टांगायची पद्धत जुनीच होती, पण ती कोणी काढायची हा कायदा उगाच झाला नव्हता. सात वर्षांपूर्वी मेव्हणा खांबावर असताना फोनवर कोणीतरी "माणूस उतरलाय, करा चालू" असं सांगितलं. तेव्हाच्या ऑपरेटरने टांगलेली टोपी काढून बाजूला ठेवली आणि दांडा वर सारला. मेव्हणा वरून उडाला तो थेट गवताच्या गंजीत. हात मोडला, भुवया जळाल्या आणि पुढे चार महिने तो कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता. त्या दिवसापासून मिनिटरावांच्या बायकोने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, "बाकी जग विसरा. माझ्या भावाची टोपी विसरू नका." आणि ते विसरले नव्हते.

मोठे साहेब पावणेअकराला आले. उंच, भारदस्त माणूस, डोक्यावर राखाडी रंगाची गोल काठाची टोपी. त्यांनी दांडे पाहिले, पाटी वाचली, रजिस्टर उघडलं.

"कारणं भारी लिहिता हो तुम्ही," ते पान उलटत म्हणाले. "'खार.' 'वेल.' 'पतंग, निळा.' आणि हे काय, 'खार, तीच'?"

"ओळखीची झाली होती, साहेब."

साहेब हसले. रजिस्टर बंद करून ते म्हणाले, "फोटो काढणार आहात ना? समोर सलून दिसतंय. केस फार वाढलेत, पाच-दहा मिनिटांत जरा बारीक करून येतो. मग सह्या करू. ही जरा धरा." त्यांनी टोपी मिनिटरावांच्या हातात दिली आणि ते रस्ता ओलांडून गेले.

तेवढ्यात मेव्हणा धापा टाकत आत आला.

"दाजी, फाटकाजवळच्या खांबावर कावळ्याने घरटं केलंय. इस्त्रीवाल्याकडचे तारेचे हँगर पळवून केलंय मेल्याने. एक हँगर लोंबतोय. वारा आला की दोन तारा एकमेकींना भिडतील आणि मग अख्खी लाइन बसेल. तासभर तरी."

मिनिटरावांनी घड्याळ पाहिलं. "अंडी आहेत का?"

"नाहीत, नुसतं घर बांधून ठेवलंय. दोन मिनिटांचं काम आहे."

मॅडमना विचारलं. त्या बाहेर सत्कारासाठी शाळेच्या मुलांकडून खुर्च्या मांडून घेत होत्या. "करा, पण दोनच मिनिटं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आजूबाजूच्या दुकानांत निरोप धाडला. बरोब्बर अकराला मिनिटरावांनी दोन नंबरचा दांडा खाली ओढला. मेव्हण्याने आपली टोपी दांड्याला टांगली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि तो खांबावर गेला. मिनिटरावांनी रजिस्टर पुढ्यात घेतलं, पेन शोधलं, कानावर सापडलं आणि लिहिलं, "११.००. कारण: कावळा."

अकरा वाजून दोन मिनिटांनी मेव्हणा सात हँगर घेऊन परत आला. त्याने आपली टोपी काढून घेतली आणि तो तिथेच थबकला.

"दाजी, ही दुसरी कोणाची?"

दांड्यावर राखाडी रंगाची गोल काठाची टोपी टांगलेली होती.

मिनिटरावांनी चष्मा खाली ओढून बघितलं. "ही तर मोठ्या साहेबांची."

"मग साहेब वर चढलेत का?"

दोघांनी खिडकीतून खांबाकडे पाहिलं. खांबावर फक्त कावळा होता आणि तो घर कुठे गेलं ते शोधत होता.

"साहेब सलूनमध्ये आहेत," मिनिटराव म्हणाले. "जा, बोलावून आण. टोपी काढून घ्या म्हणावं."

मेव्हणा गेला. मॅडम आत आल्या, त्यांनी दांडा पाहिला आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "मिनिटराव, चार मिनिटं झाली. चालू का नाही केलंत?"

"टोपी आहे, मॅडम."

"मग काढा."

"टांगणाऱ्यानेच काढायची."

"अहो, साहेब खांबावर नाहीत. ते तिकडे खुर्चीत बसलेत. त्यांना शॉक कसा लागेल?"

"तुम्ही म्हणता ते खरं आहे," मिनिटराव म्हणाले. "पण आज खुर्चीतल्या माणसाची काढली, तर उद्या खांबावरच्या माणसाचीही कोणीतरी काढेल. कायदा एकदा सैल झाला की झाला."

मॅडमनी साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "सर, तुमची टोपी दोन नंबरच्या दांड्यावर आहे. जरा येऊन काढता का? त्याशिवाय लाइट चालू करत नाहीत."

पलीकडून साहेबांचा दबका आवाज आला. "मला बाहेर येता येणार नाही."

"का, सर?"

"ते सांगता येणार नाही. मी आदेश देतो, ऑपरेटरला म्हणावं टोपी काढा आणि लाइट चालू करा. ताबडतोब."

मिनिटराव फोनजवळ वाकले. "साहेब, माफ करा. फोनवर आवाज कोणाचाही असू शकतो. त्या वेळीही फोनच आला होता."

"अहो, मीच बोलतोय."

"त्या वेळचा माणूसही असंच म्हणाला होता, साहेब."

फोन बंद झाला. मॅडमनी कपाळावर हात मारला आणि त्या मुकाट्याने खुर्चीत बसल्या. सहा मिनिटं झाली होती. मिनिटरावांना दरदरून घाम सुटला. नातीचं हसू डोळ्यांसमोर आलं, मागोमाग वर्षाची मोजणी शून्यापासून सुरू झालेली दिसली. पुढच्या वर्षी नात चालायला लागली असती. टोपी हाताच्या अंतरावर होती आणि एका बोटाने काढता आली असती, पण मेव्हण्याच्या जळालेल्या भुवयाही त्यांना दिसत होत्या.

आठव्या मिनिटाला मेव्हणा पळत आला.

"साहेब अर्धे झालेत, दाजी."

"अर्धे म्हणजे?"

"डाव्या बाजूला साहेब आहेत. उजव्या बाजूला कोणी नाही."

मग सगळा उलगडा झाला. सलूनवाला साहेबांचे केस मशिनने कापत होता. उजवी बाजू पार साफ झाली आणि डावीकडे वळणार एवढ्यात लाइट गेली. तो बिनघोर होता. "मिनिटरावांची दोन मिनिटं म्हणजे दोनच, साहेब, बसा निवांत," असं त्याने सांगितलंही. पण आठ मिनिटं झाली आणि साहेबांनी खुर्ची आरशाकडून भिंतीकडे फिरवून घेतली.

"मग कात्रीने पुरं कर म्हणावं," मॅडम म्हणाल्या.

"कात्री नाही. वर्षभर लाइट फार वेळ गेली नाही म्हणून त्याने दोन्ही कात्र्या पोरीच्या शाळेत कागद कापायला देऊन टाकल्या. शेजारच्याची मागवली, तर साहेब म्हणाले, ती पत्रा कापायची आहे, मी डोक्याला लावू देणार नाही."

मॅडमनी बोटांवर हिशेब मांडला. "म्हणजे साहेब टोपीशिवाय बाहेर येणार नाहीत. साहेब आल्याशिवाय टोपी निघणार नाही. टोपी निघाल्याशिवाय लाइट येणार नाही. आणि लाइट आल्याशिवाय केस कापले जाणार नाहीत."

"बरोबर," मिनिटराव म्हणाले. ते घड्याळाकडे बघत होते. "नऊ मिनिटं."

"अहो, नुसतं बरोबर काय म्हणता? काहीतरी करा."

"माझी टोपी नेऊ का?" मेव्हणा म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता पळाला. खिडकीतून दिसलं ते असं. सलूनचं दार किलकिलं झालं, आतून एक हात आला, त्याने टोपी घेतली. थोड्या वेळाने तोच हात टोपी परत देऊन गेला. मेव्हण्याचं डोकं लहान होतं आणि साहेबांचं पदाला शोभेल असं होतं. मग दारातून साहेब टॉवेल गुंडाळून बाहेर आले, पण बाहेर खुर्च्यांवर बसलेली शाळेची मुलं त्यांना आंघोळीहून आलेले समजून टाळ्या वाजवू लागली, तेव्हा ते पुन्हा आत गेले. अकरा मिनिटं झाली.

शेवटी मेव्हण्याला आपल्या हेल्मेटची आठवण झाली. हेल्मेटला आतून पट्टा असतो, तो सैल केला की कोणाच्याही डोक्यावर बसतं. बाराव्या मिनिटाला मोठे साहेब पिवळं हेल्मेट घालून, गळ्यात सलूनची पांढरी चादर तशीच ठेवून, शाळेच्या मुलांमधून ताठ मानेने चालत आले. मुलांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ती उभी राहिली.

साहेब आत शिरले आणि त्यांनी टोपीकडे हात नेला.

"थांबा, साहेब," मिनिटराव म्हणाले. "नियमाप्रमाणे विचारावं लागतं. ही टोपी तुम्हीच टांगलीत ना?"

साहेबांचा हात हवेतच राहिला. माणूस रागावलेला होता, पण खोटं बोलणारा नव्हता. "टोपी माझी आहे," ते म्हणाले. "पण मी टांगली नाही. मी ती तुमच्या हातात दिली होती."

"माझ्या?"

"हो. 'ही जरा धरा' म्हणालो होतो."

मॅडम मिनिटरावांकडे बघू लागल्या, मेव्हणा बघू लागला, आणि मिनिटराव आपल्या हातांकडे बघू लागले. हातांनाही काही आठवत नव्हतं.

तेवढ्यात बायको दारात आली. ती बसची जागा धरायला थांब्यावर गेली होती. "अहो, बस आलीय. पिशव्या आत ठेवल्यात. सही झाली का? आणि पंखा का बंद आहे?"

"ह्या टोपीमुळे, ताई," मेव्हणा म्हणाला. "कोणी टांगली तेच कळत नाहीये."

"ह्यांनी," बायको म्हणाली.

"मी?"

"तुम्हीच. थांब्यावर जाते म्हणून सांगायला मी खिडकीशी आले होते. टोपी काखेत धरून तुम्ही दांडा ओढलात. मग लिहायला बसताना काखेतून काढलीत, दांड्याला अडकवलीत आणि पेन शोधायला लागलात. मी म्हटलं, असेल काही कामाचं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?"

साहेब मिनिटरावांकडे वळले. हेल्मेटखालून त्यांची डावी बाजू डोकावत होती. "म्हणजे गेली तेरा मिनिटं," ते सावकाश म्हणाले, "ही टोपी काढायचा अधिकार सगळ्या गावात फक्त तुम्हाला होता."

"हो, साहेब," मिनिटराव म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घड्याळाकडे लक्ष जाताच त्यांनी टोपी काढून साहेबांच्या हातात दिली आणि दांडा वर सारला. पंखा फिरला. समोरच्या सलूनमध्ये मशिन आपोआप गुरगुरू लागलं. मिनिटराव रजिस्टरवर वाकले आणि "११.१४" असं लिहिलं. चौदा मिनिटं. कारणाच्या रकान्यातला कावळा तसाच ठेवला असता तर कोणी काही म्हणालं नसतं. पण तो बिचारा दोन मिनिटांचाच धनी होता. मिनिटरावांनी त्याच्यापुढे लिहिलं, "२ मिनिटं. पुढची १२: मी."

साहेबांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"गावाला दुसरी लाइन असती," साहेब म्हणाले, "तर ही बंद असतानाही सलूनमध्ये लाइट राहिली असती?"

"पलीकडून घेतली असती, साहेब. आपल्याला कळलंही नसतं."

"आणि माझं डोकं?"

"पुरं झालं असतं."

साहेबांनी पेन मागितलं. दुसऱ्या लाइनच्या कागदावर त्यांनी इतक्या जोरात सही केली की ती खालच्या रजेच्या अर्जावरही उमटली, आणि मग त्यावरही त्यांनी वेगळी केली. "जा," ते म्हणाले. "आठ दिवस तुमच्या जागी तुमचे मेव्हणे बसतील. नातीला भेटा. मी आधी समोर जाऊन येतो." आणि आपली टोपी हेल्मेटवरच चढवून ते रस्ता ओलांडून गेले.

बसवाला हॉर्न वाजवत होता. मिनिटरावांनी बाटलीभर पाणी पिऊन घेतलं, घामाने भिजलेलं डोकं पुसलं आणि बायकोमागे धावत बस गाठली. बस डोंगराच्या वळणावर आली तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला.

"माझी टोपी कुठे आहे?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मेव्हणा होता. तिने स्पीकर चालू केला.

"ताई, दाजींना विचार, दोन नंबरच्या दांड्यावर त्यांची टोपी आहे. त्यांनीच टांगलीय का?"

मिनिटरावांना आठवलं. डोकं पुसताना टोपी हातात होती. "हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मीच."

"मग आल्यावर तुम्हीच काढा. तोवर दांड्याला कोणी हात लावणार नाही. मॅडमना गुरुवारी फांद्या तोडायला लाइट बंद करून हवी होती. मी म्हटलं, टोपी आहे." मागून साहेबांचा आवाज आला, बहुतेक दोन्ही बाजू सारख्या झालेला. मेव्हणा म्हणाला, "साहेब म्हणतायत, सावकाश या. आठ दिवस तरी गावाची लाइट जात नाही."

मिनिटरावांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा उतरला. "नातीने मला टोपीशिवाय कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. "ओळखेल का?" पुढे वाटेत त्यांनी एकदा चष्म्याबद्दल विचारलं, पण तोवर बायको झोपली होती.

चार वाजता मुलीने दार उघडलं. तिच्या कडेवर नात होती. ती आजोबांकडे टक लावून बघत राहिली. ओठ काढले, आता रडणार असं सगळ्यांना वाटलं. मग तिची नजर वर सरकली, कपाळापाशी थांबली आणि ती खुदकन हसली. पुढे झुकून तिने कपाळावरचा चष्मा दोन्ही मुठींत पकडला.

"हा इथे होता होय," मिनिटराव म्हणाले आणि त्यांनी तिला उचलून घेतलं. डोळे भरून आले होते, पण ते त्यांनी चष्मा नसल्यावर ढकललं.

ते बसतात न बसतात तोच पंखा थांबला आणि लाइट गेली. जावई उठला. "हे रोजचंच आहे," तो फोन काढत म्हणाला. "थांबा, आत्ता फोन करून झापतो एकेकाला. लगेच चालू करा म्हणतो."

मिनिटरावांनी नातीला नीट मांडीवर घेतलं. सवयीने हात घड्याळाकडे गेला होता, तो त्यांनी परत नातीच्या पाठीवर ठेवला.

"नका करू," ते म्हणाले. "कोणाची तरी टोपी असेल. त्याला उतरू दे."